गणिताचं हाताने बनवलेलं साहित्य: मापं, नग आणि ते फसतं कुठे

पाटीपेन्सिल

पहिली ते आठवीच्या वर्गात गणितासाठी हाताने बनवता येईल अशा साहित्याचा हा धागा. अधिकारी येणार म्हणून रातोरात रंगवून भिंतीला लावतात, त्या थर्माकोलच्या तक्त्यांबद्दल इथे नको. अटी तीनच. माप लिहा. दोन मुलांच्या एका जोडीला किती नग लागतात ते लिहा. आणि ते साहित्य कुठे फसतं ते नक्की लिहा. साहित्याचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं, फसण्याबद्दल कुणी लिहीत नाही.

सुरुवात गठ्ठे आणि सुट्या काड्यांपासून (दहाचा गठ्ठा म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक).

काड्या खराट्याच्या हिरांच्या, प्रत्येकी १० सेंमी. ज्वारीचा धांडा घेऊ नका, दहाचा गठ्ठा दुसरीच्या मुलाच्या मुठीत मावत नाही. आगकाड्या फार आखूड, शिवाय गूल खरवडत बसावं लागतं. जोडीला १०० काड्या आणि १२ रबरबँड. ४० मुलांचा वर्ग म्हणजे २० जोड्या, २००० काड्या. झाडाच्या कात्रीने पंधरा-वीस हीर एकदम कापले की काम लवकर उरकतं. टोकं सँडपेपरवर घासून घ्या, नाहीतर बोटात कुसळं जातात.

गठ्ठे बांधून देऊ नका. सगळं शिकणं त्या बांधण्यात आणि सोडण्यात आहे. ५२ मधून २७ काढायचे तर दोन सुट्ट्यांतून सात निघत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. आता ४ गठ्ठे आणि १२ सुटे. त्यातले ७ सुटे आणि २ गठ्ठे बाजूला काढले की उरले २५. फळ्यावर आपण ५ खोडून ४ लिहितो आणि २ च्या जागी १२ करतो, ते या सोडलेल्या गठ्ठ्याचं नुसतं टिपण आहे.

फसतं ते असं. एक, गठ्ठ्यात ९ किंवा ११ काड्या जातात आणि उत्तर चुकलं की मूल स्वतःवरचाच विश्वास सोडतं. म्हणून गठ्ठा एकाने बांधायचा आणि जोडीदाराने मोजून घ्यायचा. दोन, गठ्ठा सोडल्यावर रबरबँड बाकावरच राहिला की काही मुलं तोही गठ्ठा धरून पाचच म्हणतात. सोडलेला रबरबँड लगेच डबीत. तीन, मे महिन्यात रबर वितळून काड्यांना चिकटतं. सुट्टीआधी सगळे गठ्ठे सोडून रबरबँड थोड्या टाल्कम पावडरीत घोळवून बंद डबीत ठेवा.

हातचा_एक

धागा आवडला. काड्यांना जोडून एक भर घालतो, कारण मराठीत इथे एक वेगळीच गोची आहे.

मूल हातात ५ गठ्ठे आणि ३ सुटे धरतं, तोंडाने म्हणतं "त्रेपन्न". शब्दात तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. लिहिताना ऐकलेल्या क्रमाने ३५ लिहितं. त्याच्या जोडीला एकोणतीस, एकोणचाळीस. हातात २ गठ्ठे आणि ९ सुटे असताना नाव तिसाचं! बरं, एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते आणि नव्व्याण्णवला अचानक बदलते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. दोन्ही बाजूंनी विनोद भरपूर झाले, पण अडचण खरी होती आणि ती काड्यांनी एकट्याने सुटत नाही. काड्यांना क्रम नसतो. सुटे डावीकडे ठेवले तरी ते ५३ च.

त्यासाठी एकावर एक बसणारी संख्याकार्डं लागतात. उंची सगळ्यांची ५ सेंमी. एककाचं कार्ड ४ सेंमी रुंद, दशकाचं ८, शतकाचं १२. दशकाच्या कार्डावर १०, २०, ३०... ९०, शतकावर १००, २००... ९००. म्हणजे एका संचात २७ कार्डं. ५० वर ३ चं कार्ड उजवी कड जुळवून ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि ५३ दिसतात. उचललं की खालचा ५० परत दिसतो.

चूक होते ती अक्षरात. प्रत्येक अंक आपापल्या ४ सेंमीच्या चौकटीत मधोमध आला पाहिजे. सवयीप्रमाणे सलग "५०" लिहिलं तर शून्य डावीकडे सरकतं आणि वरच्या कार्डामागून अर्धं डोकावतं. आधी पेन्सिलीने ४-४ सेंमीवर रेघा मारा, मग अंक काढा. आणि पातळ कागद नको, खालचं शून्य आरपार दिसतं.

वापरताना तोंडी असं: "पन्नास उचल. तीन ठेव. आता नाव सांग." पन्नास आणि तीन, त्रेपन्न. एकोणतीसला मात्र कार्डं गप्प बसतात, तिथे ३० ला एक कमी हे मणिमाळेवरच दिसतं.

मोजपट्टी

मणिमाळेचा विषय निघालाच आहे तर.

१०० मणी, दोन रंग, दहा-दहाचे आलटून पालटून. ८ मिमीचा मणी घेतला तर भरलेली माळ ८० सेंमी होते. दोरी १.२५ मीटर घ्या. गाठी धरून आत १५ ते २० सेंमी मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर मणी सरकत नाहीत आणि सगळा उपयोगच संपतो. सुती दोऱ्याला झोळ पडतो. नायलॉनची घ्या आणि टोक मेणबत्तीवर वितळवून घट्ट करा, मणी ओवायला सुई लागत नाही.

वर्गासाठी मोठी माळ फळ्यावर दोन खिळ्यांमध्ये टांगायची आणि संख्या दाखवायला कपड्यांचा चिमटा. इथे बारीक पण महत्त्वाची गोष्ट: चिमटा ३७ व्या मण्यावर लावायचा नाही, ३७ व्या मण्याच्या *नंतर* लावायचा. मण्यावर लावला तर तो मणी मोजला की नाही यावर वर्गात दोन तट पडतात आणि २८ अधिक १५ ला कुणी ४२ म्हणतं, कुणी ४४. चिमटा फटीत असला की "इथपर्यंत किती" हा प्रश्न स्वच्छ राहतो, आणि पुढे संख्यारेषेवर जाताना फट म्हणजे रेषेवरची खूण हे सरळ जुळतं. शून्याचा चिमटा पहिल्या मण्याच्या आधी.

हातचा_एक म्हणतात ते एकोणतीस इथे दिसतं. तिसाच्या फटीतून एक मणी मागे.

पाचवी_ब

सगळ्यांचे आभार, वाचतोय. अपूर्णांकांवर कुणी लिहा ना. १/२ + १/३ = २/५ या उत्तरावर औषध हवंय. भाकरीचे गोल तुकडे करून झाले, उपयोग शून्य.

मोजपट्टी

गोल तुकड्यांचा दोष असा की तुकडे शेजारी ठेवले तरी किती झाले ते गोल पुरा होईपर्यंत कळत नाही, आणि कात्रीने ६० अंश नीट कापणं मोठ्यांनाही जमत नाही. पट्ट्या घ्या.

लांबी २४ सेंमी, रुंदी ३ सेंमी. २४ का? अर्धा १२, तृतीयांश ८, पाव ६, षष्ठांश ४, अष्टमांश ३, द्वादशांश २. सगळे पूर्ण सेंमी. शिवाय ए-फोर कार्डशीट २१ सेंमी रुंद असते, त्यात ३ सेंमीच्या बरोब्बर सात पट्ट्या बसतात: एक पूर्ण, मग २, ३, ४, ६, ८ आणि १२ भागांची. एका कागदात एक संच, ३६ तुकडे, वाया फक्त लांबीतले ५.७ सेंमी. जोडीला दोन संच द्या, कारण ३/४ + २/३ केलं की बेरीज एकाच्या पुढे जाते आणि एका संचातली पूर्ण पट्टी अपुरी पडते.

खुणा करताना मोजपट्टी प्रत्येक तुकड्याला सरकवू नका. द्वादशांशाला प्रत्येक वेळी अर्धा मिमी चुकला तरी बाराव्या तुकड्याला ६ मिमीचा फरक पडतो, आणि मग "बारा बारांश म्हणजे एकापेक्षा थोडे जास्त" असं साहित्यच शिकवायला लागतं. मोजपट्टी एकदाच ठेवायची, शून्य कडेला लावून २, ४, ६, ८... २४ अशा सगळ्या खुणा करायच्या, मगच कापायचं.

आता पाचवी_ब यांचं दुखणं. अर्ध्याचा तुकडा आणि तृतीयांशाचा तुकडा टोकाला टोक लावून ठेवायला सांगा. त्याखाली पूर्ण पट्टी. पहिला प्रश्न उत्तराचा विचारायचाच नाही, विचारायचं, "हे अर्ध्याहून जास्त की कमी?" जास्त आहे हे आंधळाही सांगेल. मग २/५ अर्ध्याहून जास्त की कमी? पाचातले दोन, कमी. म्हणजे अर्ध्यात भर घातली आणि बेरीज अर्ध्यापेक्षा कमी झाली! चूक मुलांच्या तोंडून निघते. त्यानंतरच दुसरा प्रश्न: एकाच मापाचे कोणते तुकडे या दोघांच्या खाली बरोबर बसतात? पाव ठेवून बघतात, बसत नाहीत, टोक उरतं. अष्टमांश, नाही. षष्ठांश बसतात, पाच. द्वादशांशही बसतात, दहा. समच्छेद करणं म्हणजे हा तुकडा शोधणं.

गुंजभर

सुंदर. फक्त रंगांबद्दल सावध. प्रत्येक पट्टी वेगळ्या रंगाची केली की दिसायला छान होतं (सात रंगांचे सात कागद एकदम कापून सात संच होतात, त्यामुळे सोयही), पण महिन्याभरात "लाल म्हणजे तृतीयांश" इतकंच उरतं. रंग विचारला की उत्तर बरोबर, आणि पांढऱ्या कागदावर पट्टी दिली की मूल अडतं.

उपाय: तुकड्यांवर १/३ वगैरे लिहूच नका. आणि मधूनच पूर्ण बदला. "आज १२ सेंमीची पट्टी म्हणजे एक." कालचा षष्ठांश आज तृतीयांश झाला. दोन दिवस कुरकुर होते, पण अपूर्णांक हा तुकड्याचा गुण नसून तुकडा आणि पूर्ण यांच्यातलं नातं आहे हे याहून स्वस्तात कळत नाही.

त्यातच निमकी-पावकी येते. पूर्वीच्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असायची. पाठांतर परत आणा असं म्हणणं नाही, पण सहा पाव मांडून "दीड" म्हणायला लावलं तर पट्ट्यांना घरातले शब्द मिळतात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे मुलांना येतच असतं. एक छेद चार म्हणजे तोच बाजारातला पाव, हे कुणी सांगितलेलं नसतं इतकंच.

कंपासपेटी

पाच आणि सात भागांसाठी एक युक्ती, मोजमाप न करता.

एकेरी वही उघडून सपाट ठेवा, रेघा दोन्ही पानांवर सलग आल्या पाहिजेत. २४ सेंमीची पट्टी तिरकी ठेवायची: एक टोक एखाद्या रेघेवर, दुसरं टोक तिथून विसाव्या रेघेवर. रेघांत अंतर ८ मिमी असेल तर हे उभं अंतर १६ सेंमी होतं, म्हणजे पट्टी आडवी साधारण १८ सेंमी पसरते, म्हणून दोन पानं लागतात. आता दर चौथ्या रेघेपाशी पट्टीच्या कडेला टिंब करा. पाच समान भाग तयार. सातासाठी एकविसावी रेघ आणि दर तिसरी.

रेघा समांतर आणि सारख्या अंतरावर असल्यामुळे तिरक्या रेषेचेही सारखे भाग होतात. नववी-दहावीत समांतर रेषांच्या आंतरछेदांचं प्रमेय येतं तेव्हा पाचवीतल्या या पट्टीची आठवण करून द्यायला विसरू नका.

फसतं कुठे: पट्टीची *एकच* कड वापरायची. एक टिंब वरच्या कडेला आणि दुसरं खालच्या कडेला पडलं की भाग लहान-मोठे होतात.

पाचवी_ब

वहीची युक्ती लगेच करून बघितली, पाच भाग अगदी बरोबर आले, ४.८ सेंमी! आता पाय (π) बद्दल विचारतो. बांगडी आणि दोरा घेऊन परीघ भागिले व्यास केलं की ३.१४ ऐवजी ३.४५ वगैरे येतं. दोरा ताणला जातो म्हणून?

दाभण

दोरा ताणला तर लांबी कमी भरेल, कारण मोजताना तो परत आखडतो. तुमचं उत्तर जास्त येतंय. घोळ बांगडीत आहे.

बांगडीचं माप आतल्या व्यासाचं असतं. "दोन-सहा" म्हणजे २ पूर्णांक ६/१६ इंच, म्हणजे ६०.३ मिमी. दोरा मात्र तुम्ही बाहेरून गुंडाळता. काच ३ मिमी जाड असेल तर बाहेरचा व्यास ६६.३, परीघ सुमारे २०८ मिमी. २०८ भागिले ६०.३, झाले ३.४५. व्यास आतला आणि परीघ बाहेरचा घेतलात. दोन्ही बाहेरचे घ्या.

दोऱ्याऐवजी वर्तमानपत्राची १ सेंमी रुंद पट्टी गुंडाळा, टोकं एकावर एक येऊ द्या आणि जिथे दोन थर आहेत तिथे टाचणीने एकदाच आरपार टोचा. पट्टी उलगडली की दोन भोकांतलं अंतर म्हणजे परीघ. व्यासासाठी वस्तू दोन पुठ्ठ्याच्या खोक्यांत चिमटून खोक्यांमधलं अंतर मोजा, डोळ्याने "सगळ्यात रुंद जागा" शोधू नका. बांगडीपेक्षा डब्याचं झाकण, ताट, परात बरी: १ मिमीची चूक ६ सेंमीच्या बांगडीत मोठी, ३० सेंमीच्या परातीत नगण्य.

गुंजभर

बांगडी फेकू नका पण. सहावीला दशांश अपूर्णांकासाठी याहून चांगला सापळा नाही. दुकानात हीच मापं २.४, २.६, २.८, २.१० अशी लिहितात. फळ्यावर लिहा आणि विचारा, सगळ्यात मोठी बांगडी कुठली? दशांशाच्या नियमाने २.१० सगळ्यात लहान, मनगटाला विचारलं तर सगळ्यात मोठी! मग तो टिंब दशांश चिन्ह नाहीच, त्यापुढे सोळांश आहेत, हे मुलांनाच उकलू द्या. २.८ म्हणजे अडीच इंच आणि दोन सलग मापांत एक अष्टमांश इंचाचा फरक, इथवर ती स्वतः पोचतात.

हातचा_एक

हे भारी आहे. _/\_

दाभण

भूमितीकडे वळतो. जिओबोर्ड आणि त्रिकोणाच्या पट्ट्या.

जिओबोर्ड, म्हणजे खिळ्यांना रबरबँड अडकवून आकृत्या करायची फळी: १२ मिमी प्लायचा २० × २० सेंमी तुकडा, २५ खिळे, पाच ओळी पाच रांगा, अंतर ४ सेंमी, कडेपासून २ सेंमी. कडेचं अंतर मुद्दाम निम्मं ठेवायचं: दोन बोर्ड शेजारी लावले की जोडावरही खिळ्यांत ४ च सेंमी राहतात आणि चार बोर्डांची मोठी जाळी होते. खिळे २५ मिमीचे, १० मिमी आत. पूर्ण ठोकले तर टोक मागून निघतं, कमी ठोकले तर रबराच्या ओढीने वाकतात. कडेला प्लाय चिरतो, म्हणून खिळ्याचं टोक हातोडीने थोडं बोथट करून ठोका किंवा आधी बारीक भोक पाडा. आखणी कागदावर करून तो कागद प्लायला चिकटवा आणि त्यावरूनच ठोका, बोर्ड बोर्डाला जुळतात.

मुलांच्या दोन चुका ठरलेल्या. परिमिती काढताना खिळे मोजतात, फटी मोजत नाहीत (मणिमाळेचंच भावंड). दुसरी, तिरक्या शेजाऱ्यालाही एकच एकक धरतात. बाजू ४ सेंमी असेल तर तिरकं अंतर सुमारे ५.७ सेंमी, ते दोऱ्याने मोजून दाखवा.

क्षेत्रफळाला एक गंमत: आकृतीच्या कडेवरचे खिळे मोजा, निम्मे करा, आतले खिळे मिळवा, एक वजा करा. पाया ४, उंची ३ असा काटकोन त्रिकोण लावा: कडेवर ८, आत ३. चार अधिक तीन वजा एक, सहा. सूत्रानेही सहाच. याला पिकचं प्रमेय म्हणतात. रबर स्वतःला ओलांडून गेलं असेल तर लागू नाही.

आता पट्ट्या. कुठल्या तीन लांबींचा त्रिकोण होतो हे दाखवायला पुठ्ठ्याच्या १.५ सेंमी रुंद पट्ट्या: ६, ८, १०, १४ सेंमी. ही लांबी *भोकापासून भोकापर्यंत*, पट्टीच्या टोकापासून टोकापर्यंत नव्हे. इथेच निम्मे संच बिघडतात.

भोक फाइलच्या पंचिंग मशीनने पाडू नका, ते सहाएक मिमीचं येतं. ६, ८ आणि १४ घेतले तर त्रिकोण व्हायला नको, दोन पट्ट्या तिसरीवर सपाट झोपायला हव्यात. पण भोकं ढिली असल्यामुळे ६ ची पट्टी ६.१५ आणि ८ ची ८.१५ सारखी वागली, म्हणजे जेमतेम दीड-दीड मिमीची ढिलाई, तरी शिरोबिंदू जवळजवळ दीड सेंमी वर उठतो. समोर चांगला टपोरा त्रिकोण दिसतो! मुलं म्हणतात, "झाला की." आणि त्यांचं काही चुकत नाही. दाभणाने बारीक भोक पाडा, जाड दोरा ओवून दोन्ही बाजूंना गाठ मारा.

पाटीपेन्सिल

दाभण, आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने केलं तर? टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी ती पद्धत घराघरांत पोचवलीच आहे, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कितीतरी मुलांनी ते त्रिकोण-चौकोन केलेत.

दाभण

ताई, ती पद्धत वेगळ्या कामाला उत्तम. २ सेंमीचे ट्यूबचे तुकडे कापून दोन्ही बाजूंनी गूल खरवडलेल्या काड्या घुसवल्या की त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौरस लगेच समभुज चौकोन होऊन कलंडतो. कर्ण टाकला की परत ताठ. छपराच्या कैचीत, विजेच्या मनोऱ्यात सगळीकडे त्रिकोण का, ते दोन मिनिटांत हाताला कळतं. घनाकृतीही सुरेख होतात. पण ट्यूब लवचिक आहे, म्हणून ६-८-१४ सारखी हद्दीवरची तपासणी तिच्यावर करू नका, रबर नेहमी "हो" म्हणतं. जाता जाता, प्लॅस्टिकच्या स्ट्रॉचे जुने सांगाडे विसरा, १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. वर्तमानपत्राच्या नळ्या गुंडाळा.

कंपासपेटी

हद्दीवरचं प्रकरण कंपासने मिटवा. १४ सेंमीचा पाया, एका टोकाकडून ६ ची चाप, दुसऱ्याकडून ८ ची. दोन्ही चापा पायावरच्या एकाच बिंदूत जेमतेम टेकतात, वर छेदतच नाहीत. पेन्सिल टोकदार हवी, बोथट असली की तिथेही बारकासा त्रिकोण "दिसतो".

कोन फाडून १८० अंश दाखवतानाही हेच लक्षात असू द्या. कोपरे *फाडायचे*, कात्रीने कापायचे नाहीत. कापले की तुकड्याला तीन सरळ कडा येतात आणि मूळ कोन कुठला ते कळेनासं होतं. आणि तो पडताळा आहे, सिद्धता नव्हे. आठवीच्या मुलाला हे स्पष्ट सांगावं.

हातचा_एक

साहित्य म्हणजे वस्तूच हव्यात का? चार अंकी वजाबाकीच्या सरावाला कापरेकरांचा ६१७४ द्या. द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, हा अंक त्यांनी १९४९ साली मांडला. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरता क्रम वजा चढता क्रम. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४.

३५२४ घ्या:
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

एका तासात प्रत्येकाच्या आठ-दहा हातच्याच्या वजाबाक्या होतात आणि कुणी कुरकुरत नाही. शेवट ठरलेला असल्यामुळे वह्या तपासायची गरज नाही.

शून्यजोडी

शेवटच्या वाक्याशी असहमत. मधली एखादी वजाबाकी चुकली तर काय होतं? चुकलेलं उत्तरही एक चार अंकी संख्याच असते, आणि तीही निमूट ६१७४ ला जाऊन पोचते. म्हणजे चुकून-माकून सगळेच पास. शेवटावरून काहीच तपासलं जात नाही.

तपासायचं असेल तर प्रत्येक पायरीला: उत्तराच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत आली पाहिजे. ३०८७ चे १८, ८३५२ चे १८. त्याच अंकांच्या दोन संख्यांची वजाबाकी नेहमी ९ ने भागली जाते म्हणून. १८ ऐवजी १७ आले की मूल स्वतःच मागे वळतं. अंकांची अदलाबदल झाली तर मात्र ही चाळणी पकडत नाही.

आणि पुढचा शून्य. २१११ घेतला की २१११ − १११२ = ०९९९. मुलं ९९९ लिहितात, मग ९९९ − ९९९ = ०, खेळ खल्लास. शून्य धरून ९९९० − ०९९९ = ८९९१ असं पुढे जायचं. सुरुवातीलाच सांगा, नाहीतर दर तासाला दोघं-तिघं तिथे अडकतात.

हातचा_एक

मान्य. शेवटाकडे बघून तपासणं चुकीचंच होतं. ९ ची चाळणी आजपासून.

पाचवी_ब

शून्यजोडी, तुमच्या नावावरून विचारतो, ऋण संख्यांचं लिहा.

शून्यजोडी

:) बाटल्यांची पत्र्याची बुचं, जोडीला १५ धन, १५ ऋण. लाल-काळा रंग पुरेसा नाही, प्रत्येकावर + किंवा − लिहा. काही मुलांना लाल-हिरवा वगैरे फरक दिसत नाही आणि ती सांगत नाहीत. बुचाच्या दातेरी कडा हातोडीने आत वळवा.

एक धन आणि एक ऋण मिळून शून्य. ही जोडी कधीही ठेवता येते, कधीही उचलता येते. बेरीज सोपीच आहे. खरा उपयोग वजाबाकीत: (−२) − (−५). समोर दोन ऋण बुचं, काढायची आहेत पाच. पुरत नाहीत, म्हणून तीन शून्यजोड्या आणून ठेवा. किंमत बदलली नाही, पण आता ऋण बुचं पाच झाली. ती उचला. उरले तीन धन. "ऋण काढणं म्हणजे धन मिळवणं" हे वाक्य नंतर आपोआप येतं, आधी फळ्यावर लिहू नका.

ऋण गुणिले ऋणसाठी मात्र बुचं परत डब्यात. लोक ओढूनताणून काहीतरी मांडतात आणि मुलं जास्त गोंधळतात. तिथे सरळ उतरती यादी: (−३) × २ = −६, × १ = −३, × ० = ०. दर पायरीला तीन वाढतात. मग × (−१) ला ३ च यावं लागतं.

आठवीला बैजिक राशींसाठी पुठ्ठ्याच्या फरश्या: एकक २ × २ सेंमी, क्षची फरशी २ × ७.२, क्षवर्गाची ७.२ × ७.२. ७.२ असा वेडावाकडा आकडा मुद्दाम आहे. ६ किंवा ८ घेतलं की मुलं क्षशेजारी एकक लावून "क्ष म्हणजे तीन" नाहीतर "चार" ठरवून मोकळी होतात. क्षवर्ग + ५क्ष + ६ साठी १, ५ आणि ६ फरश्या घेऊन पूर्ण आयत करायला सांगा. बाजू क्ष + २ आणि क्ष + ३ निघतात. मग ५ च्या जागी ७ क्ष द्या: तेच सहा एकक आता २ × ३ ऐवजी १ × ६ असे बसतात. आणि मग ४ क्ष द्या आणि गप्प बसा. आयत होतच नाही.

पाटीपेन्सिल

वाटप-गोळा करण्याचं कुणी विचारलं नाही, पण साहित्य कपाटातच राहतं ते त्यामुळे. एका जोडीचा संच एका झिपच्या पिशवीत, पिशवीवर क्रमांक, आत चिठ्ठीवर नगांची संख्या: "पट्ट्या ७२, बुचं ३०". तास संपायच्या चार मिनिटं आधी मोजून परत. एका जोडीचे ७१ भरले तर तो तुकडा हमखास बाकाच्या फटीत किंवा कंपासपेटीत असतो. दहा एकक वेगळ्या डबीत जादा ठेवा, शोधण्यात तास घालवू नका. पट्ट्या पावसाळ्यात दमट होऊन वाकतात, दोन पुठ्ठ्यांत दाबून ठेवा.

वरच्या सगळ्या मापांचा एक तक्ता करून पहिल्या पोस्टमध्ये घालते. दाभण, भोकासाठी दाभण कितव्या नंबरचं ते सांगाल का?

दाभण

नंबर बघू नका. दोरा ओवून बघा, ओढल्यावर जरा अडकला पाहिजे. सहज सरकला तर भोक मोठं झालं, ती पट्टी बाद.